भिंतीकडे तोंड

डीन सगडनने उजव्या हाताचा अंगठा जिभेवर टेकवला, ओला केला, आणि समोरच्या कागदांच्या गठ्ठ्यातलं तेरावं पान उलटून चौदावं काढलं. घडलं ते एवढंच. पण टेबलाच्या या बाजूला बसलेल्या ग्लेनिस एंटविसलच्या पोटात काहीतरी ढवळलं आणि घशापर्यंत वर आलं. जीभ जाड होती, मध्यभागी पांढरट थर. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं, चिरेत काळी रेघ. कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ओला, अर्धचंद्रासारखा डाग उमटला, आधी गडद, मग कडेकडून सुकत सुकत फिका. ग्लेनिस तो डाग सुकेपर्यंत पाहत राहिली. रॅम्सक्लफ नगर परिषदेच्या परवाना समितीवर तिला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत टेबलापलीकडे दारू पिऊन गाडी ठोकलेले बसून गेले, बायकोचा हात मोडणारा एकजण बसून गेला, भर चौकात भाड्यावरून गिऱ्हाइकाचे दात पाडलेला आणि वर त्याचं मोठं हसून वर्णन करणारा बसून गेला. त्यांचा राग आला, कधी कीव आली. मळमळलं नव्हतं. त्याआधी एकतीस वर्षं ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. गावभरच्या माणसांचं मूत, शौच, थुंकी, पू, सगळं छोट्या बाटल्यांतून तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि दुपारी साडेबाराला ती शांतपणे चीजचं सँडविच खायची. तिथे विल्फ नावाचा एक म्हातारा तंत्रज्ञ होता. जुन्या पद्धतीप्रमाणे तो काचेची नळी तोंडात धरून नमुना ओढायचा, आणि एखाद वेळी चुकून जास्त ओढला गेला की नळात थुंकून म्हणायचा, "हिला साखर आहे बरं का." पोरी किंचाळायच्या. ग्लेनिस हसायची. मग आज एका माणसाच्या स्वतःच्या थुंकीत, स्वतःच्या कागदावर लावलेल्या, असं काय होतं?

"मिस्टर सगडन," अध्यक्ष नॉर्मन थ्रेलफॉल म्हणाले, "सहावं पान काढा. तुमचा अर्ज. 'तुम्हाला कधी शिक्षा किंवा ताकीद झाली आहे का?' तुम्ही लिहिलंय, नाही."

अंगठा पुन्हा जिभेवर गेला. ग्लेनिसने नजर खिडकीकडे वळवली. खिडकी बंद होती, रेडिएटर तापला होता, आणि जुन्या गालिच्याचा ओल्या कुत्र्यासारखा वास खोलीभर होता. टेबलाच्या मधोमध बिस्किटांची बशी. कुणीही त्यातलं एकही उचललं नव्हतं. सगडनच्या समोरून ती कुणीतरी, बहुधा नॉर्मननीच, हळूच अलीकडे ओढून घेतली होती, आणि हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"शिक्षा नव्हती हो झाली," सगडन म्हणाला. "ताकीद होती नुसती."

"प्रश्नात ताकीद हा शब्द आहे."

"आहे. वाचला मी. पण ताकीद काय, साहेब, आमचा मुकादम मला रोज द्यायचा. सोमवारी दोन."

तन्वीर मिर्झा, समितीवरचा तिसरा सदस्य, वयाने सगळ्यांत लहान, फसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. नॉर्मन हसले नाहीत. चौदाव्या पानावर पोलिसांच्या नोंदीची एकच ओळ होती. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. गुन्हा, स्त्रीसमोर अश्लील अंगप्रदर्शन. कबुलीनंतर ताकीद देऊन सोडले. बस. त्यामागचे कागद पोलिसांकडे उरले नव्हते. चौकीच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा गेले, असं पत्र पंधराव्या पानावर होतं. ज्या बाईने तक्रार केली तिचं नाव नाही, घर क्रमांक नाही. आणि परिषदेचं धोरण अठराव्या पानावर अगदी स्वच्छ: लैंगिक स्वरूपाचा कोणताही गुन्हा असेल तर टॅक्सीचा बिल्ला नाही, वर्षं कितीही लोटलेली असोत. अपवाद करायचा तर समितीने कारण लिहून द्यायचं.

सव्वीस वर्षं हा माणूस याच परिषदेच्या कचरागाडीवर होता. पाठीचे दोन मणके गेले म्हणून त्याला निरोप दिला, घड्याळ दिलं. आता चोपन्नाव्या वर्षी त्याला टॅक्सी चालवायची होती. एका गाडीमालकाने चाकांच्या खुर्चीतल्या मुलांना शाळेत ने-आण करायचं काम त्याच्यासाठी शुक्रवारपर्यंत राखून ठेवलं होतं. आज मंगळवार. हे सगळं अर्जाला जोडलेल्या पत्रात होतं, आणि सगडन ते तोंडानेही सांगायला लागला होता. बायकोचं दुखणं, तिला दोन जिने चढवत नाहीत. नॉर्मननी हात वर केला. "हे आम्हाला ऐकता येत नाही, मिस्टर सगडन. कायद्याने नाही. तुमचं घर कसं चालतं हा आमच्यापुढचा प्रश्न नाही. लोक तुमच्या गाडीत सुरक्षित आहेत का, एवढाच आहे." बोलले ते अक्षरशः खरं होतं. तरी ते बोलताना नॉर्मनच्या ओठांच्या कोपऱ्यात जे समाधान साचलं, पांढऱ्या फेसासारखं, ते पाहून ग्लेनिसला दुसऱ्यांदा किळस आली. आज आपल्याला कशाचीही किळस येतेय की काय, असं तिला वाटलं. नाकपुड्या एकदा उघडल्या की साबणाचाही वास घाण वाटतो, तसं.

"मग चौऱ्याण्णव साली काय झालं ते सांगा," इमोजेन म्हणाली. ती कायद्याची सल्लागार होती, सत्तावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेली. तिला मत द्यायचा अधिकार नव्हता, फक्त सगळं नियमात होतंय ना हे पाहायचं होतं.

सगडनने टायची गाठ चाचपली. टाय नवा होता, शर्टाच्या घड्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेल्या तशाच. "आम्ही पाचला निघायचो. दोन मग चहा ढोसून. गाडीवर संडास नसतो, बाई. आठपर्यंत एकही दुकान उघडं नाही. मग सगळेच गाडीच्या आडोशाला... माफ करा, मुतायचे. रोजचंच होतं. मीही गेलो. मागच्या गल्लीत, परसदाराच्या भिंतीला. कुठल्याशा बाईने पाहिलं आणि फोन केला. चौकीत हवालदार म्हणाला, सही कर आणि जा, नुसती ताकीद आहे, कोर्टबिर्ट नाही. मुकादम बाहेर गाडी उभी करून भोंगा वाजवत होता. अर्ध्या गावाचा कचरा रस्त्यावर. मी केली सही."

"वाचून?"

"तुम्ही चौकीतले कागद वाचता?"

"मी चौकीत गेलेलो नाही," नॉर्मन म्हणाले.

ग्लेनिसला ती सकाळ माहीत होती. ही नव्हे, पण तिच्यासारखीच दुसरी. तिची मुलगी ब्रायनी तेव्हा चार वर्षांची असेल. ग्लेनिस स्वयंपाकघराच्या खिडकीत किटली भरत उभी होती, आणि मागच्या गल्लीत पिवळ्या जाकिटातला एक कचरेवाला कोळशाच्या खोलीच्या भिंतीला तोंड करून उभा होता. थंडीमुळे वाफ निघत होती, भिंतीवरून, विटांतून निघावी तशी. त्याची मान खाली होती. खांदे, कुठल्याही माणसाचे त्या क्षणी असतात तसे, सैल. तिला हसू आलं होतं आणि तिने पडदा ओढला होता. प्रयोगशाळेत जायची घाई होती, आणि तिथे तेच द्रव्य दीडशे बाटल्यांत तिची वाट पाहत होतं. दुसरा माणूसही तिला माहीत होता. पंधराव्या वर्षी, बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या बाकावरून मागे वळलेला, रेनकोट उघडा. त्याचं बाकी काही तिला आठवत नसे. आठवत होते ते डोळे. तो तिच्याकडे पाहत होता, ती काय करते ते पाहायला. सगळा गुन्हा त्या पाहण्यात होता. शरीर दोघांचं सारखंच. फरक दिशेचा. एवढा साधा फरक चौदाव्या पानावर कुणी लिहिला नव्हता, आणि तो कुणी विचारतही नव्हतं.

"मिस्टर सगडन," ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. "त्या बाईने तुम्हाला पाहिलं तेव्हा तुमचं तोंड कुणीकडे होतं?"

सगडन तिच्याकडे पाहू लागला. मग खाली, मग परत तिच्याकडे. त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, लाल चट्टे चढायला लागले.

"भिंतीकडे," तो म्हणाला. आणि थांबला. तेवढ्यावर सोडलं असतं तर सोडता आलं असतं. ग्लेनिसला दिसलं की हे त्यालाही कळतंय. "आधी भिंतीकडे. मग वरच्या खिडकीतून तिने हाक मारली. 'ए! काय चाललंय?' म्हणून. आणि मी वळलो."



"हाक मारली की माणूस वळतोच ना हो," सगडन म्हणाला. "काय, बाई? असं. म्हटलं. आणि मग लक्षात आलं की अजून... थांबलेलं नव्हतं."

तन्वीरने चेहरा दोन्ही हातांत घेतला. त्याचे खांदे हलत होते. इमोजेनचं पेन कागदावर थांबलं होतं. नॉर्मनच्या चेहऱ्यावर मात्र, पायरीवर कुत्र्याने केलेलं पाहावं, तसा भाव आला, आणि त्यांनी बिस्किटांची बशी आणखी चार बोटं दूर सरकवली. ग्लेनिसने विश्वास ठेवला. एकदम, पूर्ण. खोटं बोलणारा माणूस भिंतीपाशी थांबला असता. वळल्याचं कोण सांगेल? प्रयोगशाळेत अशी एक खूण असायची. आकडा अगदी सुबक आला की संशय घ्यायचा. जिवंत नमुन्यात थोडा गढूळपणा असतोच. तिला त्याच्याकडे पाहून, निदान मान हलवून, काहीतरी कळवावं असं वाटलं. तेवढ्यात सगडन म्हणाला, "माझ्याकडे त्याबद्दलचं पत्र आहे एक, जुन्या मुकादमाचं, शेवटी कुठेतरी," आणि जीभ बाहेर आली, अंगठा टेकला, पानं उलटू लागली, एकोणीस, वीस, एकवीस, प्रत्येक पानाला पुन्हा जीभ. ओल्या कागदाचा बारीक चिकट आवाज. तिला दिसला तो अंगठा गाडीच्या दाराच्या मुठीवर, नोटांवर, चाकांच्या खुर्चीतल्या पोराच्या छातीवरचा पट्टा लावताना. आणि त्यामागून, कुठून कोण जाणे, आईचा हातरुमाल आला. चॅपलच्या दारात आई रुमालाचं टोक तोंडात घालायची, ओलं करायची आणि ग्लेनिसचा गाल खसाखसा पुसायची. थुंकी गरम असायची, आणि दोन मिनिटांनी गार, आणि तिला आंबट, शिळ्या दुधासारखा वास यायचा, तो पूर्ण प्रार्थनाभर गालावर राहायचा. "हल नकोस," आई म्हणायची. "आईचीच आहे, विष नाही." आपल्या मुलांना आपण असं कधीही पुसणार नाही अशी शपथ ग्लेनिसने सातव्या वर्षी घेतली होती आणि ब्रायनीच्या बाबतीत पाळली होती.

सगडनला बाहेर बसवून दार लावल्यावर इमोजेनने टेबलावर तो गुळगुळीत प्लास्टिक चढवलेला कागद ठेवला. ती दर वेळी ठेवायची. त्यावर एकच प्रश्न छापलेला. तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री, या व्यक्तीच्या गाडीत एकट्याने बसू द्याल का? नाही, असं उत्तर असेल, किंवा नाहीच्या बाजूला जरा जरी झुकत असेल, तर माणूस लायक नाही. "संशयाचा फायदा अर्जदाराला नाही," इमोजेन म्हणाली. "लायक आहोत हे त्याने सिद्ध करायचं. आपण उलट सिद्ध करायचं नाही."

"माझं झालंय," नॉर्मन म्हणाले. "धोरण आहे. शिवाय अर्जात खोटं लिहिलं. आणि ते चित्र, माफ करा, मला जेवण जाणार नाही आज."

"नॉर्मन, माझे अब्बा बावीस वर्षं टॅक्सी चालवत होते," तन्वीर म्हणाला. "सीटखाली बाटली असायची. संत्र्याच्या सरबताची, पण आत सरबत नसायचं. मी आठ वर्षांचा असताना एकदा प्यायलोय त्यातलं."

"तन्वीर, पुरे."

"एक घोट. या गावातल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या सीटखाली ती बाटली आहे. तुम्ही आम्ही सह्या करून त्यांना बिल्ले दिलेत. हा बिचारा भिंतीला मुतला आणि हाकेला ओ दिली. माझं मत, द्या."

"आणि उद्या काही झालं तर? वर्तमानपत्रात पहिल्या पानावर कुणाचा फोटो येईल? त्याचा नाही. आपला. ग्लेनिस, तुझं काय?"

तिचं. दोन बाजूंना एकेक मत, आणि मधे ती. तिने प्रश्न पुन्हा वाचला आणि प्रामाणिकपणे, शिकवलं गेलं होतं तसं, ब्रायनीला त्या गाडीत बसवलं. ब्रायनी आता चौतीस वर्षांची, लीड्समध्ये राहणारी. आठवड्यातून चारदा फोनवरून मागवलेल्या गाड्यांतून फिरायची. मागे एकदा ग्लेनिसने तिला या कागदाबद्दल सांगितलं तेव्हा ती हसली होती. "आई, मी आजवर एकाही ड्रायव्हरचं तोंड पाहिलेलं नाही. मान पाहते फक्त." ग्लेनिसने तिला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि सगडनने मागे वळून सुटे पैसे मोजायला अंगठा जिभेला लावला. नाही. पोटातून आलं, तत्काळ, स्पष्ट, एखादा द्रव रंग बदलतो तसं. नाही. आणि त्याच क्षणी तिला हेही तितकंच स्पष्ट होतं की या नाहीचा चौऱ्याण्णव सालाशी, भिंतीशी, खिडकीशी काडीचा संबंध नाही. प्रयोगशाळेत रक्ताच्या पेशी फुटलेला नमुना आला तर आकडा लिहायचा नाही, असा नियम होता. लिहायचं: नमुना बिघडलेला, पुन्हा पाठवा. इथे बिघडलेली होती ती चाचणी. आणि चाचणीची नळी म्हणजे ती स्वतःच.

"निर्णय पुढे ढकलता येईल का?" तिने विचारलं.

"कशासाठी?" इमोजेन म्हणाली. "नवीन कागद येणार नाहीत. पोलिसांकडे ती एकच ओळ आहे."

"तो खरं बोलतोय असं मला वाटतं," ग्लेनिस म्हणाली.

"मग?" तन्वीर पुढे वाकला.

मग काय, हे तिला बोलता येत नव्हतं. मला त्याचा अंगठा आवडला नाही. साठीची बाई, विज्ञान शिकलेली, हे कसं म्हणणार? आणि न म्हणताही ते आत होतंच, गरम आणि मग गार. त्याऐवजी तिच्या तोंडून दुसरंच येऊ लागलं, व्यवस्थित, वाक्यामागून वाक्य. वाटणं आणि सिद्ध होणं वेगळं. चाकांच्या खुर्चीतली ती मुलं, त्यांतल्या काहींना बोलताही येत नाही, तक्रार कशी करणार. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आपण बरोबर असू, पण शंभरावी वेळ कुणाच्या पोराच्या वाट्याला येईल? शिवाय अर्जातला तो 'नाही'. ऐकता ऐकता तिलाच ते पटू लागलं, आणि ते पटतंय याची तिला तिसऱ्यांदा किळस आली. नॉर्मन मान डोलावत होते. इमोजेन भराभर लिहून घेत होती. "छान मांडलंत," ती म्हणाली. "कारणांत असंच टाकते."

तन्वीरने तिच्याकडे पाहिलं नाही. बशीतलं एक बिस्किट उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं.

सगडनला आत बोलावलं. तो बसला नाही. नॉर्मननी वाचून दाखवलं: सर्व बाबींचा काळजीपूर्वक विचार करून, बहुमताने, समितीचं समाधान झालेलं नाही, एकवीस दिवसांत न्यायालयात दाद मागता येईल. सगडनने शुक्रवार हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हटल्यासारखं ग्लेनिसला वाटलं. मग तो कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करू लागला, चारही कडा, कुणाच्या तरी घरातून उचललेली वस्तू जागेवर ठेवावी तसा. दाराशी जाऊन तो परत आला आणि तिच्यासमोर हात पुढे केला.

"तुमचे आभार मानायचे होते, बाई. तीस वर्षांत एकाने नाही विचारलं. हवालदाराने नाही, बायकोनेसुद्धा नाही. तोंड कुठे होतं ते. मला वाटलंच, ही बाई माझ्या बाजूची आहे." त्याने नॉर्मनकडे हनुवटी केली, आवाज खाली आणला. "बाकीचे दोघं पडले उलटे, तुम्ही काय करणार."

त्याचा हात रुंद, कोरडा आणि उबदार होता. अंगठा तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला. तन्वीर त्याच खोलीत, सहा फुटांवर, कोट घालत होता. तो काहीच बोलला नाही, आणि तिनेही काही दुरुस्त केलं नाही. खालच्या मजल्यावरच्या संडासात तिने मनगट गरम पाण्याखाली धरलं, लाल होईपर्यंत, शस्त्रक्रियेआधी धुतात तसं कोपरापर्यंत. आरशाखाली कुणीतरी चिकटवलेलं होतं: हात स्वच्छ, गाव स्वच्छ.

बुधवार म्हणजे तिच्या गल्लीत कचऱ्याचा दिवस. सकाळी सातला, अजून झोपेच्या झग्यातच, ती स्वयंपाकघरात भाज्यांच्या सालींचा डबा रिकामा करत होती. रात्रभर मनगटाला साबणाचा वास होता आणि झोप धड लागली नव्हती. इमोजेनचा मेल आला होता, निर्णयाचा मसुदा, तिची वाक्यं तिच्याच शब्दांत, फक्त 'मला वाटतं' तेवढं काढून टाकलेलं. डब्यात घालायच्या त्या हिरव्या पातळ पिशव्या परिषदच घरोघर पाठवते. त्यांची तोंडं नेहमी घट्ट चिकटलेली असतात. ग्लेनिसने एक पिशवी फाडून घेतली आणि दोन बोटांत चोळली. उघडेना. दुसरं टोक धरून पाहिलं. तेच तोंड आहे की बूड, कळेना. फुंकर मारली. गल्लीच्या टोकाला गाडी मागे घेतल्याचा पी-पी आवाज सुरू झाला, माणसांच्या हाका, डबे आपटल्याचा आवाज. अजून चार घरं. कुजलेल्या कांद्याची साल तिच्या झग्याच्या बाहीवर पडली होती आणि गाडी जवळ येत होती, आणि ती पिशवीकडे पाहत असताना तिचा अंगठा वर आला, जिभेवर टेकला, ओला झाला आणि खाली आला. पिशवीचं तोंड लगेच उघडलं.

त्यावर ओला, अर्धचंद्रासारखा डाग होता. मागच्या गल्लीतून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "ए, काही आहे का अजून?" आणि ग्लेनिस वळली.